शेगडीवरची घोंगडी

भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी मला सांगितलं, बिडीनं नेलं. तुम्ही जन्मात बिडी ओढली नाही. पहिल्यांदा मी तसं बोलून दाखवलं, मग सोडून दिलं. माणूस दम लागून गेला की लोकांना बिडी हवी असते. बिडी म्हटली की मरण ज्याचं त्याच्याकडं राहतं आणि बाकीचे मोकळ्या छातीनं घरी जातात.

तुमच्या छातीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि सगळ्यात आधी आपल्या लेकीला, सुनीताला ठाऊक होतं. तिघांपैकी एकानं ते कधी तोंडातून काढलं नाही. तो एक तुम्ही. आता गेलात म्हणून मी गोड बोलणार नाही. होता तेव्हाही बोलत नव्हते.

लग्न होऊन आले तेव्हा आपण जुन्या शहरात एका खोलीत राहायचो. आपण दोघं आणि तुमची आई. हवा भरायचा स्टोव्ह होता. त्याची आग मधोमध एका जागी लागायची आणि दूध तळाला धरायचं. रोज धरायचं. तुमची आई म्हणायची, "चौथी शिकली म्हणं. दूध तापवायचं कितवीत शिकवत्यात?" तुम्ही भिंतीला टेकून ऐकत बसायचा. आईपुढं तुमची जीभ कधी उचलली नाही. मी मनात म्हणायचे, वायरमन आहे म्हणं, घरात मात्र फ्यूज उडालेला.

तेव्हा तुम्ही आणि तुमचे जोडीदार रशीदभाई जुन्या शहरातल्या घरांची वायरिंग बदलायची कामं घेत होता. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या वेळी वीज आलेली घरं. लाकडी पट्टीतल्या कापड गुंडाळलेल्या वायरी, पितळी टोपीची बटणं, चिनी मातीचे मोठाले फ्यूज, लोखंडी पेटीतले मेन स्विच. मालक म्हणायचे, घेऊन जा हे सगळं. तुम्ही आणायचा. टाकणं तुमच्या घराण्यात नव्हतं. खुलताबादच्या डोंगरावर मेंढरं राखणारा तुमचा बाप काट्याला अडकलेली लोकरसुद्धा वेचून कमरेला बांधायचा, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत.

त्या फ्यूजच्या भोकात एक पांढरा दोरा असायचा. तार वितळली की ठिणगी बाहेर उडू नये म्हणून घातलेला. ओवताना तुम्ही दोघं तो तोंडात ओला करायचा. लोखंडी पेटीच्या आत झाकणाला तसलीच जाड पट्टी, आणि पाठीमागं पांढरा पुठ्ठा. दोरा जुना झाला की सुटायचा, पिंजून यायचा. मऊ. मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मलाही वाटलं, कोकराच्या पोटाची लोकर आहे.

एका रविवारी तुम्ही तो सगळा ढीग पुढ्यात घेऊन बसलात. धोतर मांडीवर सारलंत, बोटं तोंडात ओली केलीत आणि मांडीवर तो पिंजलेला दोरा वळायला लागलात. तुमचा बाप चालता चालता सूत वळायचा, अगदी तसं. थुंकी लावायची, वळायचं. एखादं टोक उसवलं तर दाताखाली धरायचं. तुमची आई बघत राहिली. म्हणाली, "तुझ्या बापाचा हात हाय." दिवस मावळेपर्यंत तुम्ही दोर वळलात, त्याची वेणी घातलीत, वेणी गोल गुंडाळून फ्यूजच्या तांब्याच्या तारेनं शिवलीत. ताटलीएवढी चकती झाली. माझ्यापुढं टाकलीत आणि म्हणालात, "घे. स्टोव्हवर ठेव, वर पातेलं ठेव. आता धरायचं नाय."

दूध धरलं नाही. पुन्हा कधीच धरलं नाही. तुमच्या आईला बोलायला जागा उरली नाही. तिनं त्या चकतीला नाव ठेवलं, सुनेची घोंगडी. आईपुढं तुम्ही माझ्यासाठी तोंड उघडलं नाहीत, पण एक आख्खा रविवार मांडीची सालं काढून घेतलीत. तुम्ही मला हातानं करून दिलेली ती एकच वस्तू. म्हणून राग असा सरळ येत नाही, वळून येतो.

पुढं गॅस आला, पुंडलिकनगरात घर झालं, घोंगडी बरोबर आली. भाताला दम द्यायला, दूध आटवायला, सगळ्याला तीच. काठ झिजले की तुम्ही नवा दोर वळून जोडायचा. पाव्हणे आले की तुम्हाला खेळ दाखवायचा असायचा. चिमट्यात धरून जाळावर धरायची, लाल व्हायची, बाहेर काढली की पुन्हा पांढरी. "आमच्या मेंढराची लोकर जळती, वास सुटतो. ही बघा. देवाच्या मेंढराची हाय." पाव्हणे हसायचे. मी ती आठवड्याला अंगणात झटकायचे. उन्हात बारीक चमचम उडायची. सुनीता पायरीवर पाढे म्हणत बसलेली असायची.

सुनीताला तुम्ही वाढवलंत, हे मी कबूल करते. लोक म्हणाले, पोरीच्या हातात पक्कड काय देता. तुम्ही तिला पक्कडही दिलीत आणि आयटीआयला नावही घातलंत. ती पुढं शिकली, तिथंच शिकवायला लागली, तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. म्हणालात, "माझ्या धंद्यातली मास्तरीण हाय." म्हणून तर मला वाटलं होतं की तिचं तुम्ही ऐकाल.

दिवाळीच्या आधीची साफसफाई चालली होती. सुनीता दोन्ही लेकरांना घेऊन आली होती. माळा झाडायला म्हणून ती शिडीवर चढली आणि झाडू तसाच हातात धरून थांबली. खाली उतरली, बॅटरी घेतली आणि घरभर हिंडायला लागली. तुम्ही खुर्चीत. मी फराळाचं करत होते.

"आबा, मेन स्विचची पेटी जुन्या घरातनं आणलीय ना?"

"व्हय. तसलं लोखंड आता मिळत नाय."

"आत पांढरी पट्टी हाय, मागं पुठ्ठा हाय. कडा भुसभुशीत झाल्यात. त्याला हात लावू नका. माळ्यावर बंद पडलेल्या ट्यूबा ठेवल्यात, त्यांच्यात पारा असतो, फुटली तर घरभर. आणि दाराच्या वरच्या ट्यूबचा चोक गळतोय."

"डांबर हाय ते. गरम झालं की गळतं."

"काळं घट्ट गळतं ते डांबर. ह्या ट्यूबच्या पट्टीवर पिवळं तेल उतरलंय. जुन्या पट्टीतल्या कपॅसिटरच्या डबीतलं तेल लई वाईट असतं. हाताला लागलं तर आधी साबणानं धुवा."

तुम्ही हसत होता. तोपर्यंत हसतच होता, लेकीची परीक्षा घेतल्यासारखे. मग ती स्वयंपाकघरात आली. शेगडीवर घोंगडी, घोंगडीवर पातेलं. तिनं पातेलं उतरवलं. घोंगडीला हात लावला नाही, वाकून नुसती बघत राहिली. जन्मापासून बघितलेली वस्तू ती पहिल्यांदा बघितल्यासारखी बघत होती.

"आई, ही फ्यूजच्या दोऱ्याची हाय?"

"तुझ्या बापानं वळलेली हाय."

ती बाहेर गेली. "आबा, ती लोकर नाय. ॲस्बेस्टॉस हाय. दगड हाय तो. खाणीतला दगड पिंजून धागा काढतात. म्हणून जळत नाय. त्याचं कुसळ छातीत गेलं की निघत नाय, आणि वीस-तीस वर्षांनी दम लागतो."

तुम्ही म्हणालात, "दगडाला लोकर येती व्हय गं?"

"ह्या दगडाला येती."

"मी वायर धरली तवा तू जन्माला नव्हती."

"म्हणून तर सांगते, आबा. तवापासनं धरताय."

तिचं तिथं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या बोलण्यानं तुमचा चेहरा उतरला तो मी पाहिला. तिनं सांगितलं, नक्की कळायला तपासणीला पाठवावं लागतं, नुसत्या डोळ्यानं कुणी छातीठोक सांगू नये. पण एवढ्या जुन्या स्विचमधला पांढरा, न जळणारा, पिंजणारा धागा म्हटला की तोच समजून चालायचं. लोकर ओढली तर तुटते. हा उभा चिरत जातो, एकाचे दहा होतात, दिसेनासा होतो. हलवायचा तर आधी पूर्ण ओला करायचा, कोरडा झाडायचा नाही, दोन पिशव्यांत बांधायचा.

तुम्ही म्हणालात, "मेंढरू धुवून मग कातरायचं, ते मला शिकवती व्हय? लोकरीला पाणी कधी लावायचं ते माझ्या बापानं मला तू नव्हती तवा शिकवलंय."

"लोकर नाय म्हणते ना मी."

"माझ्या घरात ती लोकरच हाय."

मग ती म्हणाली, जोवर ती वस्तू घरात आहे तोवर मी लेकरं आत आणणार नाही. तुम्ही म्हणालात, "नको आणू." झालं. फराळ तसाच राहिला.

मी घोंगडी शेगडीवरून त्याच दिवशी काढली. तुम्ही ती उचलून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलीत. देवाच्या शेजारी नाही टांगली, एवढेच उपकार. लोक विचारतील, बाई, तू का फेकली नाहीस. कुठं फेकू? सुनीता म्हणे, कचऱ्यात टाकायची नाही, पुरायची नाही, आणि जाळायची तर ती जळत नाही. घंटागाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मावशी, ओला का सुका? आणि खरं सांगायचं तर ती माझी होती. तुम्ही ती माझ्यासाठी केली होती आणि आता माझ्याच लेकीच्या वाटेत टांगली होती.

सुनीता येत राहिली. शब्दाची पक्की, तुमच्यावर गेलेली. दारापुढच्या ओट्यापर्यंत यायची. मी चहा ओट्यावर न्यायचे, पोहे ओट्यावर, नातवंडांना डोक्याला तेल ओट्यावर. पावसात छत्री घेऊन बसायचो. शेजारीण म्हणायची, "लेकीला घरात घेत नाही का?" तुम्ही आत खुर्चीत बसून सगळं ऐकायचा. लेकरं खिडकीच्या गजातून "आबा" म्हणून हाक मारायची, तुम्ही गजातून गोळ्या द्यायचा. त्यांना मिशा फुटल्या, कॉलेजं झाली. मी माझी नातवंडं ओट्यावर मोठी होताना पाहिली. एका खिळ्यापायी.

मग रशीदभाईंना दम लागला. तुमच्यापेक्षा दांडगा गडी, नुसता सापळा उरला. त्यांनी निरोप पाठवून सुनीताला बोलावून घेतलं. तुम्ही होता, मी होते. त्यांना दोन शब्द बोलायला चार श्वास लागत होते. सुनीताचा हात धरून म्हणाले, "बेटी, तू सच बोली थी. हमारे मूं में डालके गीला करते थे हम उसकू." मग तुमच्याकडं बघून म्हणाले, "अब तू बी बोल दे यार. बच्ची खडी है." तुम्ही त्यांच्यासाठी आणलेली मोसंबी सोलत होता. सोलत राहिलात. सगळी सोललीत. सुनीता पाणी आणते म्हणून बाहेर गेली. रशीदभाई मला म्हणाले, "भाबी, ये आदमी नै सुधरता."

ती मोसंबी कुणी खाल्ली नाही.

तुमचा दम त्यानंतर सुरू झाला का आधीच होता, मला माहीत नाही. तुम्ही लपवत होता. जिना चढून वर गेलात की गच्चीवर काहीतरी बघत असल्यासारखे थांबायचा. शेवटी सुनीतानंच दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो बघून डॉक्टरनं विचारलं, "बाबा, खाणीत होतात का? दगड फोडायचं काम केलं कधी?"

सुनीता तुमच्या खाटेशी उभी होती. तिला उत्तर येत होतं. पोटापाण्याला ती हेच पोरांना शिकवते. पण ती तुमच्याकडं बघत राहिली. तिनं ती जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवली, हे मला कळलं. तुम्हालाही कळलं. डॉक्टर वाट बघत होता. तुम्ही म्हणालात, "लोकरीचं काम केलं."

डॉक्टरनं मान हलवली. बाहेर आल्यावर सुनीतानं त्याला गाठून खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, असू शकतं, तसंच दिसतं, पण आता नाव देऊन उपयोग नाही. ती परत आली, तुमची उशी नीट केली. मला तेव्हा तुमच्या तोंडावर काहीतरी बोलावंसं वाटलं. नाकाला नळी लावलेल्या माणसाला काय बोलायचं. आज बोलते. एका शब्दाची गोष्ट होती. मरणाच्या दारातही तुम्ही बापाची लोकर सोडली नाहीत आणि लेकीला ताटकळत ठेवलंत. तुमच्या बापानं तुमच्यासाठी काय ठेवलं, तर मांडीवर सूत वळायचा हात. तोच हात तुमच्या मुळावर आला, हे मानायचं म्हणजे बापाला दोष द्यायचा, असं तुम्हाला वाटलं असेल. मी तुमच्या वतीनं एवढा विचार केला. तुम्ही लेकीच्या वतीनं केलात का?

घरी आणल्यावर तुमची खाट बाहेरच्या खोलीत टाकली. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं. मी सुनीताला म्हणाले, "ये आता आत, आणि ने ती. मी सांगते ने." ती कामाचं सामान घेऊन आली. तोंडाला मास्क, हातात मोजे, फवारा मारायची बाटली, जाड पिशव्या. इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडला तिनं, आणि असा वेष करून. तुमची खाट तिनं आधी ओट्यावर घेऊ म्हटलं, तुम्ही मान हलवून नको म्हणालात. मग तिनं मधलं दार ओढलं, तर तुम्ही पुन्हा हातानं खूण केलीत, उघडं ठेव. शेवटी अर्धं ठेवलं.

ती खिळ्यापाशी गेली. तुमचा श्वास वाजत होता. ती हात उचलणार तेवढ्यात तुम्ही बोललात. आवाज कसला, नुसती हवा. "सुनीता. आधी धू. मग काढ."

तिनं फवाऱ्याची बाटली उचलली. मग म्हणाली, "व्हय आबा. धुते." तिनं घोंगडी खिळ्यावर असतानाच भिजवली, थेंब गळेपर्यंत भिजवली, मग काढली. तुम्ही डोळे मिटलेत. आठवडाभरात गेलात.

दहावा झाला, माणसं पांगली. सुनीता भांडी घासत होती. पाठ माझ्याकडं. म्हणाली, "आई, आबा मानले का गं शेवटी?"

बघा, कसलं काम माझ्या गळ्यात टाकून गेलात. ती आता बाई झाली, केस पिकले, तरी ह्या एका गोष्टीसाठी दारात उभी आहे. मला गोड सांगता आलं असतं. मला एकांतात म्हणाले होते, असं कुणीही सांगेल. रशीदभाईंसारखं सरळ बोलला असतात तर मला खोट्याचा विचारही करावा लागला नसता. "आधी धू" म्हणालात, ते तिचं ऐकून म्हणालात, का बापाच्या मेंढरांचं आठवून, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मी तुमच्याबरोबर जन्म काढला, आणि मला सांगता येत नाही.

मी तिला म्हणाले, "मला नाय म्हणाले. तुला धुवायला सांगितलं, तेवढं तूही ऐकलंस, मीही ऐकलं."

ती बराच वेळ तेच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "लोकर म्हणूनच सांगितलं असंल." मी म्हणाले, "असंल." ती हसली. हसता हसता डोळे पुसले तर साबण गेला डोळ्यात, तर मलाच शिव्या. अगदी तुमच्यासारखी.

तुमची खरी घोंगडी, अंगावरची, आम्ही तुमच्याबरोबर दिली. ती जळाली. तुम्हीही जळालात. शेगडीवरची तेवढी राहिली. दोन पिशव्यांत बांधून माळ्याच्या कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीत आहे. असला माल नेणारी गाडी सुनीता शोधते आहे. शहरात अजून कुणी नीट उत्तर देत नाही. ती म्हणाली, तोवर पिशवीवर लिहून ठेवायला पाहिजे, उद्या आपण नसलो तर कुणी उघडायला नको. तिनं जाड शाईचा पेन काढला आणि लिहायला वाकली. मी पेन तिच्या हातातून घेतला. शिवलेली तुम्ही, वापरलेली मी. लिहायचं तर घरातल्यानं लिहायला पाहिजे.

चौथीनंतर मी सहीपेक्षा जास्त फारसं लिहिलेलं नाही. हे सगळंसुद्धा सुनीता लिहून घेते आहे, मी सांगते आहे. पण पिशवीवरचं मी माझ्या हातानं लिहिलं. ती शेजारी उभी राहून एकेक अक्षर वाचत होती, लहानपणी पायरीवर वाचायची तशी.

ही लोकर नाही.

अक्षर वाकडं आलं आहे. पण लांबून वाचता येतं.